हुबेहूब नव्हे, पण खरं: जॉंग सॉनचे डोंगर कसे पाहायचे?

जुलै 2025 मध्ये उत्तर कोरियातला गुमगांग पर्वत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, आणि तोही नैसर्गिक व सांस्कृतिक अशा दोन्ही निकषांवर. नैसर्गिक का, ते फोटो पाहिले की कळतं. समुद्राजवळ उभे असलेले ग्रॅनाइटचे सुळके, त्यांच्या घळींतून उतरणारे धबधबे, सगळ्यात उंच शिखर सुमारे 1,638 मीटर. सांस्कृतिक का, हे मात्र फोटोत दिसत नाही. त्यासाठी तिथल्या बौद्ध मठांकडे, शेकडो वर्षं लिहिल्या गेलेल्या प्रवासवर्णनांकडे आणि एका चित्रकाराकडे वळावं लागतं.

त्या चित्रकाराचं नाव जॉंग सॉन. जन्म 1676, मृत्यू 1759. कोरियात आडनाव आधी लावतात, म्हणजे जॉंग हे आडनाव. त्या काळचे विद्वान एकमेकांना टोपणनावानं ओळखत. यांचं टोपणनाव ग्यॉमजे, म्हणजे 'नम्रतेची अभ्यासिका'. आजही कोरियन लोक त्यांना ग्यॉमजे म्हणूनच ओळखतात, म्हणून पुढे आपणही तेच नाव वापरू.

ग्यॉमजेंची चित्रं पहिल्यांदा बघणारा माणूस बहुधा गोंधळतो. सगळे सांगतात की या माणसानं कोरियाचे 'खरे' डोंगर पहिल्यांदा रंगवले. आणि समोर जे दिसतं ते काही खऱ्यासारखं दिसत नाही. सुळके सुयांसारखे, डोंगर गोल ताटात मांडल्यासारखा, धबधबा अशक्य उंच. मग यात खरं काय? हा लेख त्या एका प्रश्नासाठी आहे.

## आधी शाळेतलं निसर्गचित्र आठवा

चित्रकलेच्या तासाला 'निसर्गचित्र काढा' म्हटलं की आपण सगळे एकच चित्र काढायचो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून डोकावणारा अर्धा सूर्य, तिथूनच निघून खाली रुंद होत येणारी नदी, काठावर कौलारू घर आणि एक नारळाचं झाड. मूल लातूरचं असो की मालवणचं, चित्र तेच. खिडकीतून काय दिसतं हे पाहायला कुणी मान वळवत नसे. 'निसर्गचित्र' हा एक ठरलेला आकार होता आणि तो नीट जमला की काम झालं.

ग्यॉमजेंच्या आधीच्या कोरियातही असंच होतं, फक्त फार वरच्या दर्जाचं. जोसॉन राजवटीतले (1392–1910) सुशिक्षित लोक चिनी लिपीत लिहीत, चिनी काव्य पाठ करत, आणि निसर्गचित्र म्हणजे चिनी निसर्गचित्र. श्याव आणि श्यांग या चीनमधल्या नद्यांच्या परिसरातली 'आठ दृश्यं' कोरियात पिढ्यान्‌पिढ्या रंगवली गेली. रंगवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या नद्या कधीच पाहिल्या नव्हत्या. जोसॉन काळातलं सगळ्यात नावाजलेलं जुनं निसर्गचित्र घ्या: आन ग्यॉन या चित्रकारानं 1447 मध्ये काढलेलं. ते तर अक्षरशः स्वप्नाचं चित्र आहे. राजपुत्र आनप्यॉंगला स्वप्नात पीचच्या फुलांचा प्रदेश दिसला, त्यानं तो वर्णन करून सांगितला आणि आन ग्यॉननं तीन दिवसांत रंगवला.

याला अज्ञान म्हणू नये. त्या चित्रकारांना ठिकाण दाखवायचं नव्हतंच. शहाण्या माणसानं जिथं राहावं असा आदर्श प्रदेश त्यांना दाखवायचा होता, आणि आदर्शाला पत्ता नसतो.

खऱ्या जागांची चित्रंही निघत होती. अधिकाऱ्यांचं स्नेहसंमेलन झालं की आठवण म्हणून चित्र काढून घेत, राज्यकारभारासाठी नकाशे रंगवले जात. पण ती नोंद झाली. ज्याला 'कला' म्हणावं आणि ज्यात घराजवळचा डोंगरही असावा, असं चित्र दुर्मीळ होतं.

## 'खरं दृश्य' म्हणजे काय

ग्यॉमजेंच्या चित्रांना कोरियनमध्ये 'जिनग्यॉंग' म्हणतात. जिन म्हणजे खरं, ग्यॉंग म्हणजे दृश्य. या लेखातला हा एकच पारिभाषिक शब्द पक्का लक्षात ठेवावा, कारण सगळी गंमत त्यातल्या 'खरं' या शब्दात आहे.

आपल्या आधार कार्डावरचा फोटो आठवा. तो शंभर टक्के अस्सल असतो. यंत्रानं काढलेला, प्रमाणात, कुणी हात न लावलेला. तरी घरातलं कुणी तो पाहून म्हणतं, "हा तू वाटतच नाहीस." उलट एखादा मित्र चार रेघांत आपलं व्यंगचित्र काढतो, नाक दुप्पट मोठं करतो, आणि सगळे म्हणतात, "अगदी हाच!" अस्सल असणं आणि तो माणूस 'वाटणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही तुलना मी मनानं जुळवलेली नाही. 1747 मध्ये ग्यॉमजेंनी गुमगांग आणि पूर्व किनाऱ्याची 21 चित्रं केली. त्या संग्रहाच्या नावात 'जॉनशिन' हा शब्द आहे. अर्थ: जीव उतरवणं, अंतरंग पोहोचवणं. हा शब्द मुळात व्यक्तिचित्रांसाठीचा. माणसाच्या चेहऱ्यातून त्याचा स्वभाव उतरला पाहिजे, या अर्थाचा. तो इथं समुद्राला आणि डोंगरांना लावला आहे. म्हणजे डोंगराचं मोजमाप नको, डोंगराचं व्यक्तिचित्र हवं.

## इनवांगच्या पायथ्याचा मुलगा

ग्यॉमजेंचा जन्म हानयांगचा, म्हणजे आजच्या सेऊलचा. शहराच्या उत्तर-पश्चिमेला बुगाक आणि इनवांग हे दोन डोंगर आहेत. त्यांच्या पायथ्याशी त्यांचं बालपण गेलं आणि म्हातारपणी ते तिथंच राहिले. घराणं यांगबान, म्हणजे राज्यकर्त्या विद्वानांच्या वर्गातलं. पण कित्येक पिढ्यांत मोठा अधिकार मिळालेला नव्हता, आणि ग्यॉमजे चौदा वर्षांचे असताना वडील गेले. मान होता, पैसा नव्हता.

शेजार मात्र मोठा मिळाला. त्याच भागात राहणारे किम घराण्यातले बंधू सत्तेत आणि साहित्यात दोन्हीकडे वजनदार होते. त्यांच्यातल्या किम चांग-हुप या कवीच्या भोवती तरुणांचं मंडळ जमे. ग्यॉमजे त्यात होते. त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठा ई ब्यॉंग-यॉन नावाचा कवीही होता. या दोघांची मैत्री पुढे आयुष्यभर टिकली. ती बाजूला काढली तर ग्यॉमजेंची निम्मी चित्रं समजत नाहीत, असं माझं मत आहे.

ई ब्यॉंग-यॉनला गुमगांगजवळच्या एका तालुक्याचा कारभार मिळाला, आणि 1711 मध्ये ग्यॉमजे पहिल्यांदा गुमगांगला गेले. वय पस्तीस. त्या प्रवासात केलेली चित्रं आज कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. ती पाहताना तरुण हात जाणवतो. सगळं दाखवायची घाई आहे, शिखरांची नावं बारीक अक्षरांत लिहून ठेवली आहेत. दुसऱ्याच वर्षी ते पुन्हा गेले. तेव्हा मित्रासाठी केलेला चित्रसंग्रह मात्र हरवला, तो आजतागायत मिळालेला नाही.

नोकरी उशिरा, चाळिशीत लागली. पुढे वेगवेगळ्या ठिकाणी छोट्या तालुक्यांचे अधिकारी झाले: 1721 मध्ये हायांग, 1733 मध्ये पूर्व किनाऱ्याजवळचं चॉंगहा, 1740 मध्ये हान नदीकाठचं यांगचॉन. अधिकारी म्हणून गावोगाव राहिले, म्हणून इतक्या प्रदेशांचे डोंगर त्यांच्या चित्रांत आले. राजा यॉंगजोची त्यांच्यावर मर्जी होती. म्हातारपणी वरचा हुद्दा मिळाला, तेव्हा चित्रं काढण्याच्या हलक्या कौशल्यावर माणूस एवढा चढावा का, असा आक्षेपही घेतला गेला. विद्वानानं चित्र काढावं ते छंद म्हणून, ही त्या वर्गाची समजूत. ग्यॉमजे मात्र रोजच्या कामासारखे चित्रं काढत राहिले. वापरून झिजलेले त्यांचे कुंचले पुरले तर ढीग होईल, असं त्यांच्या जवळच्या माणसांनी म्हणून ठेवलं आहे.

## रेघांचे टाके

आता हात कसा चालतो ते पाहू.

पूर्व आशियातल्या शाईच्या चित्रांत सावल्या नसतात. एका बाजूनं उजेड टाकून डोंगराला गोलाई द्यायची, हा मार्ग तिथं नाही. मग कागदावरच्या बाह्यरेषेत दगड कुठला, माती कुठली, झाडी कुठली हे कळणार कसं? त्यासाठी पोत दाखवणाऱ्या रेघा असतात. भरतकामातल्या टाक्यांसारख्या. धाग्याचा रंग एकच ठेवून धावदोऱ्यानं भरलं तर कापड वेगळं दिसतं, साखळी टाक्यानं भरलं तर वेगळं, गाठीच्या टाक्यानं भरलं तर आणखी वेगळं. चिनी परंपरेत अशा टाक्यांचे कितीतरी प्रकार ठरलेले होते आणि छापील पुस्तकांतून ते कोरियातही पोहोचले होते.

अडचण अशी की हे टाके चीनच्या डोंगरांसाठी बेतलेले. कोरियातला डोंगर प्रामुख्यानं ग्रॅनाइटचा. कुठं उघडा खडक उभा चिरत गेलेला, आणि त्याला लागूनच पाइनच्या झाडीनं झाकलेली मऊ टेकडी. ग्यॉमजेंनी या दोन्हींसाठी दोन टाके पक्के केले. खडकासाठी वरून खाली जोरात ओढलेल्या उभ्या रेघा, एकापुढे एक, जवळजवळ समांतर. झाडीच्या टेकडीसाठी कुंचला आडवा टेकवून केलेले ओले, जाड ठिपके, एकावर एक. कधी ते एका हातात दोन कुंचले धरून एकदम दोन रेघा ओढत, असं सांगतात. चित्रांतला वेग पाहिला की ते पटतं.

पुढच्या वेळी त्यांचं चित्र समोर आलं तर फक्त एवढंच करा: रेघा कुठे संपतात आणि ठिपके कुठे सुरू होतात ती सीमा शोधा. चित्र लगेच उलगडायला लागतं.

## अख्खा गुमगांग एका चौकटीत

त्यांचं सगळ्यात गाजलेलं चित्र म्हणजे गुमगांगचं समग्र दृश्य. सुमारे 130 सेंटिमीटर उंच आणि 94 रुंद. त्यावर 1734 सालच्या हिवाळ्याचा उल्लेख आहे. आज ते दक्षिण कोरियाच्या लीउम संग्रहालयात आहे आणि राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित झालेलं आहे.

गुमगांग हा शब्द आपल्याला परका नाही. त्याचा अर्थ 'वज्र'. संस्कृत वज्राचं चिनी भाषांतर झालं, ते कोरियन उच्चारात गुमगांग झालं. अवतंसक सूत्र या बौद्ध ग्रंथात समुद्रातल्या एका वज्रपर्वताचा उल्लेख आहे, जिथं धर्मोद्गत बोधिसत्त्व आपल्या अनुयायांसह राहतो. कोरियन बौद्धांनी तो पर्वत म्हणजे हाच असं मानलं. अनुयायी बारा हजार, म्हणून शिखरंही बारा हजार. ऋतूनुसार याची नावं बदलतात. वसंतात गुमगांग, उन्हाळ्यात बोंगने, शरदात पुंगाक आणि हिवाळ्यात, पानं झडून नुसता खडक उरला की, गेगोल, म्हणजे 'सगळी हाडं'. चित्रातला डोंगर हा गेगोल आहे.

बारा हजार शिखरं एका कागदावर कशी बसवणार? खाली उभं राहून दोन-चार सुळके दिसतात. शिखरावर चढलं तर पायाखालचे मठ दिसत नाहीत. ग्यॉमजेंनी पाहणाऱ्याला पक्ष्यासारखं वर नेलं आणि डोंगर एका गोलात गोळा केला. उजवीकडे पांढरे टोकदार सुळके, उभ्या रेघांचे. डावीकडे खालच्या अंगाला झाडीच्या काळपट मऊ टेकड्या, ठिपक्यांच्या. वर मध्यभागी सर्वोच्च शिखर, बिरोबोंग. मधून वळण घेत उतरणारी दरी. खाली डाव्या कोपऱ्यात चांगआन मठ आणि त्याचा कमानीचा पूल, म्हणजे प्रवासी जिथून आत शिरत ते दार. गोलाभोवती आकाशासाठी दिलेला फिकट निळ्या रंगाचा हात.

अभ्यासकांना या गोलात आणि मधल्या वळणात यिन-यांगचं चिन्ह, म्हणजे एकमेकांत वळलेल्या काळ्या-पांढऱ्या दोन भागांचं वर्तुळ, दिसतं. ग्यॉमजेंचा त्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांचा अभ्यास दांडगा होता, त्यामुळे ते अशक्य नाही. पण ते चिन्ह माहीत नसलं तरी चित्र काम करतं. बोट खालच्या पुलावर ठेवा आणि दरीतून वर नेत जा. प्रवास सुरू होतो. पंढरपूर पाहिलेल्या कुणाला वाटेचं चित्र काढायला सांगितलं तर तो किलोमीटरच्या प्रमाणात काढणार नाही. चंद्रभागा मोठी, देऊळ मोठं, मधली गल्ली लांबच लांब. ज्या जागांनी मनात घर केलं त्या कागदावरही मोठ्या होतात. ग्यॉमजेंचा गुमगांग असाच, चालून आलेल्या माणसाचा.

## "पण मग हे चुकीचंच झालं की!"

हा आक्षेप तुमच्या मनात आला असेल तर तुम्ही चांगल्या संगतीत आहात. ग्यॉमजेंच्या पुढच्या पिढीतला मोठा चित्रकार आणि समीक्षक कांग से-ह्वांग (1713–1791) यानं हेच म्हटलं आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दगड कसाही असो, शिखर कुठलंही असो, जॉंग सॉन आपल्या हाताच्या सवयीच्या रेघा सगळीकडे सारख्याच फटकारतात, आणि याला खरं दृश्य कसं म्हणायचं?

टीका पोकळ नाही. ग्यॉमजेंनी शेकडो चित्रं केली. मागणी मोठी होती, आणि घाईत केलेल्या चित्रांत उभ्या रेघा खरोखरच सही केल्यासारख्या येतात, डोंगर न पाहता. हे मान्य करूनच पुढे जावं.

पण चांगल्या चित्रांत फेरफार कशासाठी केला आहे ते पाहा. आजच्या उत्तर कोरियातल्या केसॉंग शहराजवळ बाग्यॉन नावाचा धबधबा आहे, उंची सुमारे 37 मीटर. ग्यॉमजेंच्या उभ्या, अरुंद चित्रात तो सरळ पांढऱ्या पट्ट्यासारखा, प्रत्यक्षापेक्षा कितीतरी उंच कोसळतो. दोन्ही बाजूंचे कडे जवळजवळ काळेकुट्ट. तळाशी मुंगीएवढी माणसं मान वर करून उभी. पावसाळ्यात मोठ्या धबधब्याखाली उभं राहिल्यावर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. शेजारचा माणूस काय बोलतो ते ऐकू येत नाही, तुषारांनी चष्मा भरतो, आणि कडा अंगावर आल्यासारखा वाटतो. त्या क्षणी कुणी 37 मीटर पाहत नाही. कागदाला आवाज नसतो. तो आवाज दाखवण्यासाठी ग्यॉमजेंनी उंची खर्ची घातली.

## "चीनला झुगारून दिलेला देशभक्त?"

उलट्या टोकाचा गैरसमजही आहे. आजच्या कोरियात ग्यॉमजे म्हणजे चिनी अनुकरण मोडून 'आपलं' चित्र काढणारा वीर, अशी मांडणी सर्रास होते. अर्धी बाजू खरी आहे. त्यांचाच शेजारी आणि मित्र, चित्रकार जो यॉंग-सॉक, यानं लिहून ठेवलं आहे की कोरियाच्या निसर्गचित्राची खरी सुरुवात यांच्यापासून झाली.

काळही तसा होता. 1636 च्या हिवाळ्यात चीनच्या ईशान्येकडच्या मांचू लोकांच्या सैन्यानं कोरियावर दुसरी स्वारी केली आणि पुढच्या वर्षी राजाला शरण जावं लागलं. 1644 मध्ये चीनमधली मिंग राजवट कोसळली आणि तिथं मांचूच राज्य करू लागले. ज्या चीनला कोरियन विद्वान सभ्यतेचं माहेर मानत, तोच त्यांच्या लेखी उरला नाही. ती सभ्यता आता आपल्याकडेच जिवंत आहे, असं ते म्हणू लागले. मग आपले डोंगर चीनच्या डोंगरांहून कमी कसे?

म्हणजे नीट पाहिलं तर हा विचार चीनविरोधी नाही. तो चिनी सभ्यतेचा वारसा सांगणारा आहे. आणि ग्यॉमजेंनी चीन सोडलाही नाही. ठिपक्यांची पद्धत चीनची. चीनमधल्या लू पर्वताचे, त्यांनी कधीही न पाहिलेल्या पर्वताचे, देखावे ते म्हातारपणापर्यंत काढत होते. मराठी संत कवींनी गीतेचा अर्थ सांगायला संस्कृत नाकारलं नाही, तो अर्थ घरच्या बोलीत आणला. काहीसं तसं. चित्राची भाषा जुनीच, पण बोलायचा विषय अंगणातला.

अंगणातला म्हणजे खरोखर अंगणातला. यांगचॉनला बदली झाल्यावर ग्यॉमजे आणि ई ब्यॉंग-यॉन यांनी ठरवलं की कवीनं कविता पाठवायची आणि चित्रकारानं उत्तरादाखल चित्र. त्यातून हान नदीच्या दोन्ही काठांची छोटी, हिरव्या-निळ्या रंगांतली चित्रं तयार झाली. त्यांत आपगुजॉंग आहे. आज सेऊलच्या गांगनाम भागात जिथं महागडी दुकानं आणि इमारतींच्या रांगा आहेत, तिथं चित्रात टेकडीवरचा एक मंडप, खाली वाळू आणि काठाला लागलेल्या होड्या दिसतात. हजार सोन्याची नाणी मिळाली तरी हे कुणाला देऊ नये, अशा अर्थाचा शिक्का त्या संग्रहावर आहे. मला स्वतःला गाजलेल्या मोठ्या चित्रांपेक्षा ही छोटी चित्रं जवळची वाटतात. त्यांना कुणाला दिपवायचं नाही, फक्त नदीपलीकडच्या मित्राला आज इथून काय दिसतं ते कळवायचं आहे.

## पावसानंतरचा इनवांग

1751 चा उन्हाळा. कोरियन पंचांगात त्या वर्षी अधिक पाचवा महिना होता. ग्यॉमजे पंचाहत्तरीत, ई ब्यॉंग-यॉन ऐंशीचा आणि आजारी. त्या अधिक महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत ग्यॉमजेंनी घराजवळचा इनवांग रंगवला. आडवं चित्र, सुमारे 79 बाय 138 सेंटिमीटर, फक्त शाई.

इनवांगचा खडक फिकट आहे, जवळजवळ पांढरा. चित्रात तो काळा आहे. रुंद कुंचल्यानं शाईचे थर एकावर एक चढवत नेलेले, इतके की माथ्याचा प्रचंड खडक कागदाच्या वरच्या कडेला भिडून खाली दाबतो आहे असं वाटतं. ओला खडक कोरड्यापेक्षा गडद दिसतो, हे जुलैमध्ये घाटातून गेलेल्या कुणालाही सांगायला नको. पाऊस नुकताच थांबला आहे. एरवी नसलेल्या पाण्याच्या तीन धारा कड्यावरून उतरत आहेत. खाली धुक्याचा लांब पट्टा, आणि तो रंगवलेला नाही. कागद तसाच कोरा सोडला आहे. सगळ्यात जड काळा आणि सगळ्यात हलका पांढरा एकमेकांना टेकून आहेत. उजव्या कोपऱ्यात पाइनच्या झाडीत एका घराचं छप्पर.

ई ब्यॉंग-यॉन त्याच महिन्याच्या 29 तारखेला वारला. त्या दिवसांतल्या दरबारी नोंदवह्यांत हवामानही लिहिलं जाई. त्यावरून एका अभ्यासकानं मांडलं की सतत पडणारा पाऊस 25 तारखेला थांबला, चित्र त्याच दिवसाचं आहे आणि झाडीतलं घर आजारी मित्राचं आहे. पावसासारखा आजारही ओसरो, म्हणून काढलेलं चित्र. सगळे अभ्यासक हे मानत नाहीत. ते घर ग्यॉमजेंचं स्वतःचं किंवा दुसऱ्या कुणाचं असू शकतं. पण साठ वर्षांची मैत्री, तो महिना आणि खडकाचा तो भार ही तिन्ही तथ्यं जागच्या जागी आहेत. फिकट डोंगर काळा का झाला याचं उत्तर फक्त ओलाव्यात आहे, असं म्हणायला माझं मन तयार होत नाही.

हे चित्र अनेक वर्षं सॅमसंग कंपनीचे दिवंगत अध्यक्ष ली कुन-ही यांच्या खासगी संग्रहात होतं. 2021 मध्ये त्यांच्या कुटुंबानं ते देशाला दिलं आणि आता ते राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

## चित्रांचे स्वतःचे प्रवास

ग्यॉमजे 1759 मध्ये गेले. त्यांची चित्रं मात्र नंतर बरीच फिरली. 1747 चा तो 21 चित्रांचा संग्रह जपानी राजवटीत, 1930 च्या दशकात, एका बड्या घरात चुलीत जळणार होता. नोकर कागदांचे गठ्ठे आगीत सारत असताना तिथं उतरलेल्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानं तो पाहिला आणि विकत घेतला. पुढे तो जॉन ह्यॉंग-पिल या संग्राहकाकडे आला. देशाबाहेर जाणाऱ्या कोरियन वस्तू वाचवण्यासाठी या माणसानं आपली वडिलोपार्जित संपत्ती ओतली. त्याच्या कानसोंग संग्रहालयात तो संग्रह आज आहे.

21 चित्रांचा दुसरा एक संग्रह 1925 मध्ये नॉर्बर्ट वेबर नावाचे जर्मन ख्रिस्ती मठाधिपती गुमगांग पाहायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर जर्मनीला गेला. सांक्ट ओटिलिएनच्या मठात तो पन्नास वर्षं पडून होता. 1970 च्या दशकात जर्मनीत शिकणाऱ्या एका कोरियन संशोधकानं तो शोधून काढला, आणि 2005 मध्ये मठानं कायमच्या उसनवारीवर तो कोरियाला परत दिला.

आणि एक चित्र रोज लाखो खिशांतून फिरतं. कोरियाला जाऊन आलेल्या कुणाकडे हजार वॉनची निळी नोट असेल तर ती उलटून पाहा. दर्शनी बाजूला सोळाव्या शतकातले तत्त्वज्ञ ई ह्वांग आहेत. मागे डोंगर, ओढा आणि झाडीत दडलेलं छोटं घर. नीट पाहिलं तर घरात कुणीतरी पुस्तक घेऊन बसलेलं दिसतं. ते ई ह्वांग, आणि चित्र ग्यॉमजेंनी 1746 मध्ये काढलेलं. ते चित्र ज्या संग्रहात आहे तो 2012 मध्ये लिलावात 340 कोटी वॉनला गेला.

## पडल्या पडल्या यात्रा

जुन्या पूर्व आशियात एक कल्पना होती: म्हातारपणी पाय चालेनासे झाले की डोंगरांची चित्रं भिंतीवर लावायची आणि पडल्या पडल्या यात्रा करायची. गुमगांगच्या मोठ्या चित्रावर वरच्या बाजूला लिहिलेल्या कवितेत हेच आहे. ती विचारते की बारा हजार शिखरांच्या या हाडांच्या पर्वताचा खरा चेहरा कोण काढणार. आणि शेवटी म्हणते की आता पायांनी सगळा तुडवला तरी उशाशी ठेवून मनसोक्त पाहण्याची सर त्याला कुठली.

1734 मध्ये ही चित्राची स्तुती होती. आज त्या ओळी दक्षिण कोरियातला माणूस वेगळ्या तऱ्हेनं वाचतो. कोरियाच्या फाळणीनंतर गुमगांग सीमेपलीकडे, उत्तरेत गेला. 1998 मध्ये दक्षिणेतल्या पर्यटकांना तिथं जायची वाट उघडली. आपल्या आजी-आजोबांनी पाहिलेला डोंगर पाहायला लोक रांगा लावून गेले. जुलै 2008 मध्ये तिथं दक्षिणेतल्या एका पर्यटक बाईंवर गोळी झाडली गेली, त्यांचा मृत्यू झाला आणि वाट बंद झाली. तेव्हापासून ती बंदच आहे. ग्यॉमजेंचं चित्र प्रदर्शनात मांडलं जातं तेव्हा लोक काचेजवळ वाकून खालच्या डाव्या कोपऱ्यातला पूल शोधतात आणि नजरेनं दरीतून वर चढू लागतात.